नाडीचा कागद

राजमान्य घनशाम वैद्य, मुक्काम रायबंदर, यांसी
सावईवेऱ्याहून पुरसो शेणवीची विज्ञापना.
आपले उत्तर पावले. माझेच पत्र तिकडे उशिरा पोचले,
असे बाबलो पागी सांगतो:
पैलतीरी चौकीवाल्याने ते उघडले,
रेघाच रेघा पाहून त्याला वाटले
कुणी गलबतांची मोजदाद केली आहे.
दोन दिवस अडकवले. मग त्यांच्यातला एक शहाणा म्हणाला,
एवढी गलबते सोंदेकराकडे असती
तर आपण इथे बसलो असतो का?

रेघा कशा काढल्या, आपण विचारता.
वहिनीच्या मनगटाला मी हात लावू नये, हे आपण जाणताच.
दादा कारवारास गेला त्याला सात पावसाळे झाले.
म्हणून बहिणीची दुर्गी, वय आठ, आत बसवली.
तिची तीन बोटे नाडीवर,
मी उंबऱ्याबाहेर, कागद मांडीवर.
ती म्हणे हं, मी ओढी रेघ.
हं. रेघ. हं.
कागद भरेपर्यंत.

आणि आपण लिहिता:
चौथ्या ओळीत, शेवटापासून अकराव्या ठिकाणी
एका रेघेची जागा कोरी आहे.
नाडी थांबली, की मूल थांबले, की बोरू?

मी ते पाहिलेही नव्हते.
बोरू थांबला नाही, एवढे शपथेवर लिहितो.
हात चालीत होता, तो आपोआप पुढे सरकला असेल.

बाकी वर्तमान असे.
ताप एकांतराच. पानथरी चार बोटे उतरली, सुईण म्हणते.
गुळवेल परसातली, पित्तपापडा माशेलाहून आणवला.
अनंताला पाकळ्या लावल्या. उजवी पडली,
पण सगळे उठून गेल्यावर, कुणी पाहत नसताना.
ती धरावी की नाही यावर घरात दोन मते आहेत.

पुडीतून जी साल पाठवलीत तिच्याविषयी.
आपले पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचतो, चुलते ऐकतात.
पाद्ऱ्यांच्या इस्पितळातून, ही ओळ आली,
मी आवंढा गिळला
आणि खालच्या ओळीवर उतरलो.
झाड घाटावरचे, म्हणून सांगितले.
आता वहिनी तीन दिवस ते कडू पाणी पिते
आणि घाटाला शिव्या देते.

काल हुडहुडीची पाळी होती.
कामत्यांच्या माडांची सावली तुळशीला टेकते
तेव्हा दात वाजू लागतात, हा नेम.
गोधड्या काढून ठेवल्या होत्या.
सावली आली, तुळशीवर चढली,
पलीकडे विहिरीपाशी गेली.
आम्ही बसून होतो. कुणी बोलेना.
ती चुकली, की वाटेत आहे,
हे आपणच सांगावे.

दुर्गीला विचारले. आधी रडली,
मी मारीन या भयाने.
मग म्हणाली, मामा, मामीने तेव्हा डोळे उघडले,
म्हणाली, बोटे किती गार ग तुझी.
म्हणून मी उचलली, फुंकर घातली, परत ठेवली.
एकच फुंकर.

तर ती कोरी जागा तेवढीच आहे.
रोगात धरू नये.

नवा कागद सोबत जोडला आहे.
या खेपेस पोरीचे हात आधी चुलीपाशी शेकवले.
बाबलोस दोन नारळ इकडे दिले आहेत. तिकडे मागेल. देऊ नयेत.
वहिनी पेज मागते, आणि खारातली कैरी.
पेज देतो.
कैरीचे तेवढे लिहावे.