खुराक

शिरोलीच्या फाउंड्रीत, तिसऱ्या पाळीला,
मी गेज घालून बघते तोफगोळ्याचं तोंड.
गेलं तर पास. अडकलं तर
परत भट्टीत.

कुठं जातात हे आम्हाला सांगत नाहीत,
खोक्यावर नुसता नंबर.
पण मुजावरचाचा डबा खाताना बातम्या लावतात
आणि त्यात एक मोठा देश, टाय नीट करत,
एका लहान देशाला सांगत असतो :
लागेल तेवढं देऊ. लागेल तोवर देऊ.

चाचा भाकरी मोडतात.
"तोवर म्हंजे कवापातूर?"

मग खडूनं हिशेब, मोल्डिंगच्या पेटीवर.
तिकडं दिवसाला उडतात पाच-सहा हजार, म्हणे.
आपली पाळी तीनशे.
त्यातनं अडकलेले वजा, सोमवार वजा, वीज नसते,
स्क्रॅपचा ट्रक तवंदी घाटात पडून राहिला ते दोन दिवस वजा,
कोअरशॉपच्या सदूचा हात भाजला, तो वजा.
उत्तर येतं
त्यावर चाचा थुंकी लावून बोट फिरवतात.

माझा थोरला चुलता, गुंडाप्पा, पैलवान होता.
बावड्याच्या एका बागायतदारानं त्याच्या पाठीवर हात ठेवला :
तू फकस्त लढ. खुराकाचं मी बघतो.
तीन लिटर दूध, आठवड्याला बोकडाची तंगडी,
आणि बदाम.
बदाम मी वाटायचे, परकरातली पोर,
दगडी कुंडीत, मनगट भरून येईतो.
म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं.

नाही असं कुणीच म्हणालं नाही.
यंदा कारखान्याचं बिल लांबलंय, एवढंच.
पोराची निवडणूक आहे, एवढंच.
बदामाचे शेंगदाणे झाले.
दुधाचा रंग तोच राहिला, भांड्याला साय धरेना.
अंगावर चढलेलं मांस मात्र
रोज पहाटे चार वाजता उठून खायला मागायचं.

मैदानाची तारीख पुढं गेली नाही.
समोरचा घरचं खात होता.
कुस्ती पंचवीस मिनिटं चालली,
त्यातली पहिली पंधरा गुंडाप्पाची.
बागायतदार पुढच्या रांगेत, फेटा बांधून,
शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता.
खोटं कशाला बोलू, मनापासून वाजवत होता.

आज नवीन ऑर्डर आली. दुप्पट.
भट्टी तीच, माणसं तीच,
सदूच्या जागी सदूचा भाऊ.
पहाटेपर्यंत साठ अडकले.
सुपरवायझर जवळ येऊन हळूच म्हणाला,
"ताई, गोळा कशाला घासायचा?
गेजच जरा घासा की."

भोंगा झाला.
गेज पिशवीत घालून मी घरी आणलंय,
रिकाम्या डब्याशेजारी.
दारात दूधवाला उभा आहे.
दरवाजा उघडायच्या आधी
मी खिडकीतनं त्याचं माप बघते.