अठ्ठावीस दिवसांचा महिना

फुर्तादो सर म्हणाले, सुलक्षाबाई,
आता ऑफिसचे मेल फोनवर घ्या.
घ्या म्हणाले,
कोणी म्हणावं चहा घ्या, तसं.

म्हणून मी पिदादीच्या तिंट्यावर
फ्लावियाच्या दुकानात उभी,
हातात दोन कंपन्यांची पत्रकं, हिरवं आणि निळं.
काचेखाली फोनची कव्हरं,
एकावर मांजर.

"रोज दीड जीबी, काकी. नाहीतर दोन.
तीनचं घेतलंत तर क्रिकेट फुकट."
मला क्रिकेट नको.
मला वास्कोचा ड्राफ्ट सर्व्हे हवा,
बार्जचा नंबर, टन, ओलाव्याचा टक्का,
आणि दर शुक्रवारी डेमरेजचा तक्ता,
ज्यात जहाजाचा एक तास
माझ्या सबंध महिन्याहून महाग असतो.

"एका मेलचं वजन किती?"
फ्लावियाला असं कुणी विचारलं नव्हतं.
मीच मोजून आणलं होतं, वहीच्या मागच्या पानावर.
'कृपया पाहावे' : दोन शब्द, जवळजवळ शून्य.
खाली सहीला चिकटलेलं कंपनीचं निळं जहाज :
तीनशे केबी.
दिवसाला चाळीस जहाजं पाठवतो आम्ही एकमेकांना,
बहुतेक रिकामी.

बारा एमबी. सर्व्हे धरून तीस.
तेवढ्यासाठी दीड जीबी म्हणजे
तांब्याभर पाण्याला आख्खी विहीर घ्यायची,
रोज नवी,
आणि रात्री बाराला ते ती बुजवून टाकणार.

शिवाय यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.
पगाराचे बारा, यांचे तेरा.
अधिक मास तीन वर्षांनी येतो
तर जावयाला तेहतीस अनारसे.
हा दर वर्षी येतो, आणि
ऑफिसच्या टेलिफोन भत्त्यात मावत नाही.

हिरव्याची रेंज घरात येते, माजघरापर्यंत.
निळ्याचा टॉवर नदीपलीकडे, रायबंदरला;
इकडे एक काडी,
तीही परसात, फणसाखाली, हात वर केला तर.
"निळं घेऊ नका," फ्लाविया म्हणाली, "पस्तावाल."

आमच्या खाजनाला मानस आहे.
भरती आली की नदीच तिचं दार लोटून घेते,
ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं.
मी सातवीत असताना एक फळी कुजली.
कुणी पाहिलं नाही.
रात्रभर खारं पाणी आत येत राहिलं, आवाज न करता.
पुढली तीन वर्षं
कोरगुटसुद्धा हातभर वाढला नाही.

हे फ्लावियाला सांगितलं नाही.
म्हटलं, निळं दे. सगळ्यात लहान.
अठ्ठावीस दिवसांना दोन जीबी.
तिनं सुटे परत दिले, वर एक चॉकलेट,
दोन रुपये नव्हते म्हणून.

दहा दिवस बरे गेले.
सोमवारी सर विचारत, रात्री पाहिलं नाहीत?
रेंज नाही सर, बेट आहे.
खोटं नव्हतं.

अकराव्या दिवशी, रविवारी, सव्वासातला
मी फेरीबोटीवर.
पायी माणसाला पैसे नाहीत.
नदीच्या मध्यावर चार काड्या उगवल्या,
फोन थरथरला, सतरा जहाजं आली.
एकाला उत्तर दिलं : 'पाहिले.'
पलीकडे धक्क्याला फळी पडली,
मोटरसायकली उतरल्या, पदेर चढला,
त्याच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक फडफडत होतं.
मी उतरले नाही.

परतताना दोरी गुंडाळत बाबुसो म्हणाला,
"बाय, आज सुट्टी ना तुला?"
"सुट्टीच. हवा खायला आले."
त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.
"मग तो पिशवीत घाल. पडला तर खाली तीन वाव पाणी."

तीन वाव.
मी कठड्यावरून जरा वाकले
आणि विचारलं,
भरतीला, की ओहोटीला?