गट्टू

मनपाच्या सीमारेषांची फाइल उघडली
तर आधी दिसल्या चिंध्या:
दोन प्रभागांनी एकाच रस्त्यावर ओढलेल्या दोन रेघा
आणि मधे उरलेली सुतळीएवढी जमीन, कोणाचीच नाही.
मोठी करून पाहिली. तीत एक आटाचक्की होती
आणि कडुनिंबाखाली लावलेली स्कूटर.
सहनमर्यादा: बारा मीटर.
कळ दाबली. चक्की डावीकडे गेली,
स्कूटर उजवीकडे.

तरी हा नकाशा मला पटेना.
कडेचे प्रभाग अर्धे रिकामे,
लेआउटचे दगड, बाभळी,
म्हशीसारखे ऐसपैस बसलेले.
आणि महालातले, मोमिनपुऱ्यातले,
जिथं एका जिन्यावर चार चुली,
ते टिकलीएवढे.
डेंग्यूचा लाल भरला तर टिकलीत मावेना.
साहेब म्हणाले, "बरंच आटोक्यात दिसून राहिलं ना."

म्हणून षटकोन.
प्रत्येकाला एक, सारखाच,
जमीन कितीही असो.

त्याच आठवड्यात कार्यालयासमोर गट्टू बसवत होते,
सहा बाजूंचे, सिमेंटचे, खाली मुरूम, वर चुरी.
मिस्त्री उकिडवा बसून रबरी हातोड्यानं
एकेकाला शेजाऱ्यात ठोकत होता.
"गोल बसवला तं फट राहाते मॅडम,
अन् चौकोन सरकते."
मी हेच दोन सेमिस्टर शिकले होते.

प्रत्येक प्रभागाचा केंद्रबिंदू काढायचा,
मग त्याला जवळचं रिकामं घर द्यायचं,
असं, की सगळ्यांची मिळून पायपीट
कमीत कमी व्हावी.
एकट्यादुकट्याच्या पायपिटीला
त्या सूत्रात जागा नाही.
एक प्रभाग नाल्याला वळसा घालून विळ्यासारखा वाकलेला;
त्याचा केंद्रबिंदू त्याच्या हद्दीतच पडेना,
पलीकडच्याच्या अंगणात पडला.
मला बाबा आठवले.
बत्तीस वर्षं कोराडीला वीज केंद्रात,
आणि जीव पाचपावलीतल्या
बंद मागापाशी.

रात्री पावणेदहाला आज्ञावली चालवली.
लॅपटॉपचा पंखा घरघरला,
शहर उठलं, सरकलं, बसलं.
अंबाझरी गेली. फुटाळा गेला. रुळांची कात्री गेली.
नाग नदी कुठल्या फटीत गेली, कळलं नाही,
कारण फट नव्हतीच.

सकाळी वच्छला नंदेश्वर आल्या,
आरोग्यसेविका, पिशवीत टॉर्च आणि अळीनाशक,
कूलरच्या टाक्यांत डोकावून डोकावून
मानेला पट्टा लागलेल्या.
"माह्यं घर कोन्त्या गट्टूत हाय?"
दाखवलं.
"अन् माहेर?"
मोजून तीन घरं पलीकडे.
"काऊन? नाला वलांडला का माहेरच.
माय हाक मारते तं आयकू येते."
मी सांगितलं, सगळा शेजार सांभाळता येत नाही,
ब्याण्णव टक्के शाबूत आहे, हे चांगलंच मानतात.
"म्हंजे मी आठात आली."

मग त्यांनी माझ्याच टेबलावरचा निळा पेन घेतला
आणि नाला काढायला लागल्या.
आधी षटकोनांच्या कडेकडेनं, मन राखत,
एक कोपरा, दुसरा कोपरा,
तिसऱ्यावर थांबल्या, आणि सरळ आरपार गेल्या.
"पानी कोपरे घेत नाही बाई.
डासबी घेत नाही."

मी नवी प्रत काढली नाही.
तोच कागद साहेबांपुढे ठेवला,
षटकोन छापील, नाला शाईचा.
टिकल्या आता बशीएवढ्या होत्या.
"एवढं लाल कधी झालं?"
"आधीपासूनच होतं सर. मावत नव्हतं."
ते बराच वेळ निळ्या रेघेवर बोट फिरवत राहिले,
काही बोलले नाहीत,
चहा सांगितला.

खाली फुटपाथ काठाला आला होता.
काठाशी अख्खा गट्टू बसत नाही;
मिस्त्री छिन्नी लावून
एकेकाचे दोन तुकडे करत होता,
एक बसवत होता,
एक बाजूला ठेवत होता.