खड्यांची वजावट

वेंगुर्ल्याला बंदर आहे, पण माल येतो ट्रकने.
न्हावा-शेव्याला उतरलेली गोणी घाट आणि खड्डे मोजत
पहाटे आमच्या गेटवर येते, आणि मी,
काजू कारखान्याचा कारकून, लिहितो:
वजन ऐंशी किलो. उगम बेनिन.

बेनिन कुठं, ते भाचीच्या नकाशात पाहिलं.
बोटभर देश, समुद्राला पाय लावून उभा.

गोणी फोडली की आधी खडे निघतात.
खडे वजनातून वजा करायचे, हा नियम.
गोणीमागे दीड किलो, कधी दोन.
तिकडे कुणीतरी काट्याला फसवतं,
इकडे मी काट्याला फसू देत नाही,
आमची ओळख एवढीच.
पण खडा हातात घेतला तर जांभाच.
तोच तांबडा, तीच भोकं,
ओला केला की तोच वास.
द्वारका आरोलकर म्हणाली,
"ह्यो खडो आमच्या भितीतलोच मां?"

मालकांचा पुतण्या शिकून आला.
त्यानं फळ्यावर दोन चौकोन काढले, मध्ये बाण.
ज्याला जे स्वस्तात जमतं ते त्यानं करावं,
बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं, दोघांचंही भलं.
बिया त्यांच्या, हात आपले, खाणारे तिसरेच.
बायका ऐकत होत्या, सोलणं चालू होतं.
मागून इनासीन बोलली,
"म्हंजे आमचे हात सवंग, असांच मां?"
पुतण्यानं बाण पुसून पुन्हा काढला.
जरा जाड.

खोटं कशाला बोलू,
पूर्वी गावची बी सरली की जूनपासून कुलूप असायचं.
आता बारा महिने भोंगा वाजतो.
त्याच भोंग्यावर इनासीनची मुलगी नर्स झाली,
माझ्या घराला स्लॅब पडला.
आणि होडावड्याचा विश्राम धुरी
आपली बी घेऊन गेटवर आला
तेव्हा दर मीच सांगितला.
तो दर बेनिनच्या दराला बांधलेला,
बेनिनचा डॉलरला,
डॉलर कशाला, ते मला कुणी सांगितलेलं नाही.
त्यानं पोतं परत डोक्यावर घेतलं.
पुढच्या वर्षी त्याच्या डोंगरावर जेसीबी होता.

टरफलाच्या भट्टीचा धूर दुपारी खाली बसतो.
मागच्या विहिरीत तेलाचे रंग तरंगतात,
मोरपिसासारखे. बघायला छान.
पाणी आता टँकरचं.
विहिरीसाठी मी खतावणीत एकदा
पेन्सिलीनं रकाना आखला होता.
ऑडिटरनं विचारलं, हे काय?
खोडला. खोडलेलं अजून दिसतं.

डबे भरतात. दोनशे चाळीसचा, तीनशे वीसचा,
पाकळी वेगळी, कणी वेगळी.
शिक्का: भारतात तयार.
रॉटरडॅमला कुणी झाकण उघडेल
तेव्हा आत शुभ्र, वाकडे, एकसारखे गर.
चिकानं सोललेली द्वारकाची बोटं नाहीत,
बेनिनमध्ये वेचणारी जी कोण असेल
तिची पाठही नाही.
निव्वळ वजन म्हणतात ते हेच.

तसा काजू तरी कुठला आपला?
पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला,
आणि इतका रुळला
की विश्राम त्याच्यासाठी गेटवर भांडला.

खडे मी फेकून देत नाही.
ऑफिसमागे ढीग करतो, का ते ठाऊक नाही.
गेल्या वर्षी इनासीनच्या नवऱ्यानं
त्यातली आठ-दहा घमेली मागून नेली,
उंबऱ्याखाली भर घालायला.
नाताळात त्यांच्याकडे जेवायला गेलो
तर दारातच पाऊल अडखळलं.
इतक्या लांबून आलेली जमीन,
बिलातून वजा झालेली,
वर शेणाने सारवलेली.
चप्पल काढली
आणि आत गेलो.