छप्पन

नेट्टा क्रुइकशँक दुकानात आली तेव्हा
पेट्री कुणाच्या तरी पटरच्या मुठीला चामडं गुंडाळत होता.
बाहेर समुद्र राखेच्या रंगाचा,
आणि वारा असा, की गिऱ्हाईक नसतानाही
दारावरची घंटा वाजायची.

तिने वेज काउंटरवर ठेवली,
आजारी मांजर डॉक्टरपुढे ठेवावं तशी.
"हिचा लॉफ्ट दोन अंश कमी करून दे.
सत्तर यार्ड जायची, आता बासष्टवर धापा टाकते.
म्हणजे मीच टाकते. मार्चमध्ये एकाहत्तर पूर्ण."

पेट्री वयाबद्दल बोलत नाही.
असे छप्पन खांदे पाहिलेत त्याने,
बोटीचे दोर ओढून झिजलेले, एका बाजूला उतरलेले.
त्याने वेज शिकंज्यात धरली,
मापकाची पट्टी पात्याला टेकवली
आणि मला हाक मारली, "काटा वाच गं, इश्बेल."

अठ्ठावन्न.
"पुन्हा वाच."
अठ्ठावन्न, आणि किंचित वर.

तळव्यावर ठसा होता छप्पनचा,
ठळक, सरकारी शिक्क्यासारखा.
मऊ लोखंड ते. बारा हिवाळे
गोठलेल्या जमिनीवर आपटत
केसाकेसाने मागे झुकत गेलेलं,
कुणाच्या लक्षात न येता.

नेट्टा काही बोलली नाही.
इतकी वर्षं तिने मनगटाला बोल लावला होता,
गुडघ्याला, चष्म्याला, चहातल्या तिसऱ्या चमच्याला.
सोळाव्या ग्रीनच्या अलीकडे चेंडू थबकला की
स्वतःला जे म्हणायची
ते शब्द तिने वैऱ्यालाही ऐकवले नसते.
नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात.
इथे अंगण खरंच वाकडं निघालं
आणि नाचणारीने एकदाही तक्रार केली नव्हती.

पेट्रीने वेजच्या मानेत पितळी जबडा अडकवला.
हे काम जोराचं नाही, कान देऊन करायचं.
ओतीव पोलाद असतं तर कड्कन मोडून मोकळं झालं असतं;
हे घडीव, समजूत घातली की ऐकतं.
एक ओढ. माप. अर्धी ओढ. माप.
सत्तावन्न. सव्वाछप्पन.
मग नुसता हात ठेवल्यासारखा केला, आणि छप्पन.
"पैसे नकोत," म्हणाला,
"लिहिलंय तेवढंच खरं केलं."

बुधवारी चेंडू वाऱ्याच्या पोटाखालून गेला,
सत्तर यार्डांवर दोन टप्पे घेऊन
निशाणाच्या काठीशी जाऊन बसला.
ती हसली नाही म्हणे. फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

शनिवारी परत दारात.
"वाळूत रुतते रे ही."
बंकरमधून चेंडू काढावा तर नेट्टाने,
असं गावात म्हणायचे; लोक कुत्र्यांसकट थांबून बघायचे.
पण पातं मागे झुकलं तेव्हा
तळव्याचा फुगवटाही दोन अंशांनी वाढला होता,
वाळूवरून तरंगत जायचा.
होडी होती ती. सरळ केली तर नांगर झाली.

म्हणजे दोषही तिचा नव्हता
आणि कौतुकही सगळं तिचं नव्हतं.
दुसऱ्या गोष्टीला तिचा चेहरा तयार नव्हता.

"परत झुकवतो हवं तर," पेट्री म्हणाला,
"पण लोखंड हिशोब ठेवतं.
आणखी एकदा, दोनदा. मग ते उत्तर देईल."
"दुसरी वेज घ्या की," मी म्हणाले,
तेव्हा दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी केरसुणी उचलली.

काही न ठरवताच ती गेली.
संध्याकाळी मागच्या खिडकीतून दिसली,
अकराव्या होलच्या बंकरमध्ये एकटी,
अर्धी वाळू परत तोंडावर घेत.
चौदा फटके मी मोजले, चौदाही रुतले.
मग अंधार पडला आणि दिवे लावायला उठले.
पंधराव्याचा आवाज वेगळा आला,
किंवा वाऱ्याने घंटा वाजली असेल.