आठ लाल, आठ पांढरे

साखर पेठेतल्या बँकेत मी क्लिअरिंगला बसते.
परवा शिक्का उचलला आणि हात तसाच राहिला:
चेकवर नाव होतं राजेशम मल्लय्या येमूल.
माझा बाप.
एकोणीस हजार चारशे, तीन महिन्यांची मजुरी.
शेठच्या खात्यात दोनशे बारा रुपये.

मारला शिक्का. दुसरं काय करणार.

आमच्या घरात हा शब्द पाहुणा कधीच नव्हता.
नायना चेक विणायचे. टॉवेलाचा चेक,
आठ लाल, आठ पांढरे, पुन्हा आठ लाल,
एक तार चुकली की सगळा गठ्ठा कमी भावात.
अम्माचा चेक वेगळा.
संध्याकाळी कारखान्यात चेकर तिची विड्यांची जुडी
दोन बोटांत दाबायचा, उजेडाकडे धरायचा,
आणि शंभरातल्या वीस ‘छाट’ म्हणून बाजूला.
छाटीचे पैसे नाहीत.
छाटलेल्या विड्याही परत नाहीत.
रात्री झोपेत ती विचारायची, चेक झालं का, चेक झालं का,
आणि खोकायची.
सिव्हिलमधले डॉक्टर म्हणाले, उद्या चेकअपला आणा.
उद्या पानं भिजवलेली होती. ती गेली नाही.

दुपारी डबा खाऊन मी कपाटातला शब्दकोश काढला,
परीक्षेसाठी घेतलेला, पाठपुठ्ठा सुटलेला.
एवढ्याशा शब्दाला दीड पान.
आणि शब्द इंग्रजांचा नव्हताच.
त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांकडे तो अरबांकडून आला,
अरबांनी इराणातून नेलेला,
आणि अगदी मुळाशी एकच जण उभा: शाह.
पटावर राजा कोंडला की ओरडायचे, शाह!
त्या ओरडण्याचं पुढे अडवणं झालं,
अडवून तपासणं झालं,
पटाच्या घरांवरून चौकटीचं कापड झालं.
तसलं कापड टेबलावर अंथरून
तिकडच्या राजाचा वसूल मोजायचे म्हणे.
आणि हिशोब पडताळायच्या अर्ध्या पावतीवरून
हा कागद,
ज्याच्यावर माझी शाई अजून ओली.

आपण मात्र तो वाटेत न वाकवता घेतला. शह.
मिल बंद पडली त्या वर्षी
नायना आणि गफूरचाचा पायरीवर पट मांडून बसायचे.
चाचा ‘शह’ म्हणायचे ते इतक्या हळू,
जणू शेजारी कुणी आजारी आहे.

एकच शब्द, दोन वाटांनी सोलापुरात आला.
एक घोड्यावरून, सरदारांच्या मागे,
एक बोटीतून, मग मिलच्या भोंग्यासोबत.
कन्ना चौकात कधीतरी समोरासमोर आले असतील.
ओळख दिली नसेल.

संध्याकाळी नायनांना सांगितलं.
आधी चेक परत आल्याचं.
मग शब्दाचं, कारण पहिल्या बातमीनंतर
घरात बोलायला काही उरलं नव्हतं.
कानातला कापूस काढून त्यांनी सगळं ऐकलं.
मागावर चाळीस वर्षं काढलेला माणूस
ओठांकडे बघून ऐकतो.

“म्हंजे राजा अडकला की चेक?”
“हो.”
“मग हितं राजा कुठं अडकलाय?
राजा गाडीतनं फिरालाय की.
अडकलंय ते प्यादं.”

अम्मा हसली. हसता हसता खोकली.
मी म्हटलं, उद्या चेकअपला जाऊ, मी रजा टाकते.
ती म्हणाली, तुझी रजा कापतील.

नायना उठले. त्याच शेठचं नवं बीम चढवलेलं होतं.
अर्धं सोडून कसं चालेल, म्हणाले,
सूत कुणाचं का असेना.
कापूस पुन्हा कानात गेला.
मी उंबऱ्यात बसून बोटाची शाई
अंगठ्यानं घासत होते, निघत नव्हती,
आणि आत माग सुरू व्हायच्या आधी
ते तारा तपासत होते, आजोबांच्या भाषेत,
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु,
आठाशी थांबले.
पुन्हा पहिल्यापासून.