दोन शब्दांचा रोल

यासीन परकार, गाव बाणकोट,
शुवैखच्या टायर गोदामात
शुक्रवारी दुपारी गिटार लावायचा.
मी ड्रमवर. म्हणजे दोन ड्रम खरे,
उरलेली तेलाची पिंपं.

बँडचं नाव ‘इकामा’.
राहायच्या परवान्याचं कसलं नाव ठेवता, लोक म्हणायचे.
तो म्हणे, संपला की कळतं.

आमच्यात भांडणं नव्हती.
बेसवाला गेला, त्याची कंपनी बुडाली म्हणून.
कीबोर्डवाली सुनयना नवऱ्याच्या बदलीबरोबर दोह्याला.
गाणी तीच राहिली,
फक्त जागा सोडून वाजवायची सवय लागली:
इथे बेस असायचा,
इथे ती चुकायची.

सालमियाला एका शाळेच्या हॉलमध्ये
एकदा एकशे दहा माणसं आली.
निम्मी समोशांसाठी, मान्य.
तो मराठीत गायला, बंद पडलेल्या लिफ्टवर,
आणि पुढच्या रांगेतला फिलिपिनो वॉर्डबॉय रडला.
हा किस्सा यासीनने नऊ वर्षं पुरवून वापरला.

मग मालिका. रमजानची, तीस भागांची.
ड्रायव्हर हवा होता, इमानदार चेहऱ्याचा.
वाक्य एकच: ‘झैन, मामा.’
बरं, मालकीणबाई.
मालकीण मामा, हे ऐकून
मी हसता हसता पिंपावरून पडलो.
त्याने ते सत्तावीस वेळा म्हटलं.
घाबरून, लाजून, एकदा धडधडीत खोटं बोलताना,
आणि एकदा असं, की तिचा मुलगा परत येणार नाही
हे जणू त्यालाच आधी कळलंय.

पहिला भाग लागला तेव्हा आम्ही गोदामात,
इफ्तार उरकून, टीव्हीला चिकटून.
गाडीचं दार उघडलं. यासीन वळला.
ओठ त्याचे,
आवाज भलत्याचाच.

कोणी काही बोललं नाही.
त्याने खजुराची बी तळहातावर घेतली,
बराच वेळ बघत बसला,
म्हणाला, सूर जरा वर लागलाय त्याचा.

आता जमियात, भाजी तोलायच्या रांगेत
बायका ओळखतात त्याला. बोलून दाखव, म्हणतात.
तो दाखवतो.
त्या हिरमुसतात: छे, तो आवाज वेगळा होता.

माझ्या फोनमध्ये सात गाणी आहेत.
ऑगस्टमधली. एसी बंद ठेवणं शक्यच नव्हतं,
म्हणून सगळ्यांच्या तळाशी घरघर.
सहाव्यात मध्येच कॉम्प्रेसर थांबतो,
आणि तो एकदम एकटाच ऐकू येतो, इतका जवळ,
की स्वतःच दचकतो,
एक शब्द विसरतो.

ते तसंच ठेवलंय.